पुस्तक महाग असेल तर विद्या कोणाची?

(विहाराच्या वर्धापनदिनी अभ्यासिका मंडळाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला 'शिक्षण आणि आपला समाज' या विषयावर बोला म्हणून सांगितले. हा विषय फार मोठा आहे. 'शिका' हा शब्द आपल्या प्रत्येकाच्या घरात भिंतीवर लागलेला आहे, आणि दर जयंतीला त्यावर भाषणेही होतात. म्हणून आम्ही आज त्या मोठ्या विषयातला एक लहानसा, रोजच्या खर्चाचा भाग घेतला आहे. कॉलेजचे पुस्तक महाग का, ते स्वस्त कसे होईल, आणि आपल्या विहाराला त्यात काय करता येईल, एवढेच बोलायचे आहे.

बुलढाण्याला कॉलेजात येणारी पोरं-पोरी कुठून कुठून येतात ते तुम्हाला माहीत आहे. मोताळा, चिखली, मेहकर, लोणारकडून सकाळच्या एसटीने उभ्याने येतात आणि दुपारी परत जातात. बहुतेकांची फी शिष्यवृत्तीतून किंवा सवलतीतून सुटते. पुस्तक मात्र सुटत नाही. शिष्यवृत्तीचे पैसे खात्यावर येतात तेव्हा पुष्कळदा सेमिस्टरची परीक्षा होऊन गेलेली असते. एका सेमिस्टरला पाच-सहा विषय, आणि सहा महिन्यांनी पुन्हा नवे. आमच्या अभ्यासिकेतल्या एका मुलीची आई आम्हाला म्हणाली, "पुस्तकाले एवढे पैसे? अन् पेपर झाल्यावर त्याचं काय करतं बाप्पा?" हा अडाणीपणाचा प्रश्न नव्हे. सोयाबीनचा भाव पडलेल्या वर्षी ज्या घरात बियाण्याची उधारी फिटत नाही, त्या घरातला तो अगदी बरोबर हिशोब आहे.

पूर्वी एक सोय होती. मोठ्या भावाचे पुस्तक लहान बहिणीला चालायचे, आणि वस्तीत एक पुस्तक चार घरं फिरायचे. २०२४-२५ पासून राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत नवे शैक्षणिक धोरण आले, आपले संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठही त्यात आले. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह अशी विषयांची मांडणीच बदलली. धोरण बरे की वाईट यावर आम्ही इथे बोलत नाही. पण कपाटातली जुनी पुस्तके एका वर्षात निरुपयोगी झाली, हे खरे आहे. मग पोरगा काय घेतो? गाईड घेतो. गाईडमध्ये प्रश्न असतो, उत्तर असते, विषय नसतो. गाईडवर पास झालेला मुलगा स्पर्धा परीक्षेत पहिल्या फेरीतच बाहेर पडतो, आणि आपण म्हणतो की पोराचे नशीब. नशिबावर आपला विश्वास नाही ना? मग कारण शोधले पाहिजे.

पुस्तकाच्या पैशाचे हे दुःख आपल्याला नवे नाही. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी आपल्या लेकीकडे जात, तिचे दागिने मागून आणत, ते गहाण ठेवत आणि भिवासाठी पुस्तक घेत. पेन्शन आली की दागिना सोडवून परत करत. हा प्रसंग चरित्रात आहे आणि आपल्यापैकी अनेकांना तो पाठ आहे. पण आपण तो पितृप्रेमाची गोष्ट म्हणून सांगतो. तो पुस्तकाच्या किमतीचाही पुरावा आहे हे ध्यानात घ्यावे. १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. फुकट मिळालेल्या त्या एका पुस्तकाची वाट पुढे १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरपर्यंत गेली, असे म्हणायला काय हरकत आहे? आणि १९१३ नंतर न्यूयॉर्कला शिकत असताना त्याच विद्यार्थ्याने पोट मारून जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून दोन हजारांच्या आसपास पुस्तके जमवली. १९१७ साली परत येताना सामान ज्या बोटीवर होते ती महायुद्धात बुडाली. पुढे दादरला राजगृह बांधले ते मुख्यतः ग्रंथांसाठी. सगळ्यांना राजगृह बांधता येत नाही. म्हणूनच ग्रंथ कोणाच्याही घरात कसा पोहोचेल, हा प्रश्न येतो.

आता धम्माकडे वळू, कारण हा विषय विहारात कशाला, असे कोणाला वाटू शकते. महापरिनिब्बाण सुत्तात तथागत आनंदाला सांगतात की आपल्याकडे आचार्यमुष्टी नाही. म्हणजे गुरूने काही विद्या मुठीत दाबून ठेवायची आणि निवडक शिष्यालाच द्यायची, तसा प्रकार त्यांच्या धम्मात नाही. ज्या देशात विद्या ऐकल्याबद्दल शिक्षा सांगितली गेली, त्या देशात ही केवढी मोठी गोष्ट होती! आणखी एक ऐतिहासिक गोष्ट सांगतो. छापल्याची तारीख असलेले, जगात शिल्लक राहिलेले सर्वांत जुने पूर्ण पुस्तक कोणते? ते आपले आहे. वज्रच्छेदिका प्रज्ञापारमिता सूत्राची चिनी भाषेतली, लाकडी ठशांनी छापलेली गुंडाळी, इसवी सन ८६८ ची. तुनहुआंगच्या गुहेत ती सापडली आणि आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. तिच्या शेवटी नोंद आहे की वांग जिए नावाच्या माणसाने आपल्या आईवडिलांच्या नावाने ती सर्वांना विनामूल्य वाटण्यासाठी करून घेतली. जगातले सर्वांत जुने तारीखवार छापील पुस्तकच फुकट वाटायचे पुस्तक होते, आणि ते बौद्धांचे होते. आजही तैवानची एक बौद्ध संस्था धम्मग्रंथ छापून जगभर मोफत पाठवते. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने संपूर्ण पाली तिपिटक संगणकावर कोणालाही वाचायला मोकळे केले आहे. धम्मदानाला आपण सर्व दानांत वरचे मानतो. तेच दान कॉलेजच्या पुस्तकाला लावायचे, इतकीच आमची मागणी.

जगात याला नाव आहे, 'मुक्त शैक्षणिक साधने'. २००२ साली युनेस्कोच्या बैठकीत हा शब्द पहिल्यांदा ठरला. त्याच्या आदल्या वर्षी, २००१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीने आपल्या सगळ्या अभ्यासक्रमांचे साहित्य इंटरनेटवर मोकळे ठेवण्याचे जाहीर केले होते. २०१२ पासून तिथल्याच राईस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स प्रकल्पाने पदार्थविज्ञान, जीवशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र अशी कॉलेजची पूर्ण पुस्तके विनामूल्य दिली. नोव्हेंबर २०१९ मध्ये युनेस्कोच्या सदस्य देशांनी याबद्दल रीतसर शिफारस मंजूर केली. म्हणजे हे कोण्या एका वेड्याचे खूळ नाही.

इथे एक फरक समजून घ्या, कारण त्यात पुष्कळ गोंधळ होतो. 'फुकट' आणि 'मुक्त' या दोन वेगळ्या गोष्टी. बालभारतीची पहिलीपासून बारावीपर्यंतची पुस्तके मोबाईलवर फुकट उतरवता येतात. फार चांगली सोय आहे, घ्याच. पण त्यांचा हक्क मंडळाकडे राखून आहे, आपण ती छापून विकू शकत नाही की बदलू शकत नाही. मुक्त पुस्तकाला लेखक स्वतःच आधी परवाना देऊन ठेवतो, त्यातला क्रिएटिव्ह कॉमन्स हा सर्वांत चालतीतला. लेखकाचे नाव जाऊ द्यायचे नाही, एवढी अट पाळली की वाचा, छापा, वाटा, आणि बहुतेक ठिकाणी भाषांतरही करा. काही परवान्यांत आणखी एक अट असते, की त्यावर धंदा करायचा नाही. आपल्याला कुठे धंदा करायचा आहे?

तिसरा प्रकार म्हणजे ज्यांचा हक्क संपला ती पुस्तके. आपल्या देशात १९५७ चा कायदा आहे. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे हक्क चालतो, नंतर ते लेखन सर्व लोकांचे होते. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ चे. म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०१७ पासून सर्वांचे झाले. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' हा ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या पश्चात आला, म्हणून त्याच्या मूळ इंग्रजीला आणखी एक वर्ष लागले. भाषांतराचा हक्क मात्र भाषांतर करणाऱ्याचा वेगळा असतो, हे छापताना विसरू नये. धर्मानंद कोसंबी १९४७ साली गेले, त्यांचे 'भगवान बुद्ध' केव्हाच मोकळे झाले आहे. महात्मा फुल्यांचे तर सगळेच मोकळे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आम्ही मुद्दाम सांगतो की १९२३ चे 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' वाचायला आता एक रुपयाही लागत नाही.

बाबासाहेब स्वतः या बाबतीत कसे वागले ते पाहा. १९३६ साली लाहोरच्या मंडळाने त्यांचे भाषण होऊ दिले नाही, तेव्हा त्यांनी ते स्वतः छापले. पंधराशे प्रती दोन महिन्यांत संपल्या, आणि लगेच गुजराती, तमिळ, मराठी, हिंदी, पंजाबी, मल्याळम अशी भाषांतरे निघू लागली. विचार फिरला पाहिजे हा त्यांचा आग्रह होता. आज तेच 'जातिप्रथेचे उच्चाटन' ते जिथे शिकले त्या कोलंबिया विद्यापीठाने टिपांसह इंटरनेटवर खुले ठेवले आहे.

महाराष्ट्र शासनाने १४ एप्रिल १९७९ ला बाबासाहेबांच्या समग्र लेखन आणि भाषणांचा पहिला खंड काढला. संपादक होते नागपूरचे वसंत मून. शासकीय किमतीतले ते जाडजूड खंड हीच अनेक घरांतली पहिली लायब्ररी. पण नंतर खंड मिळेनासे झाले. डेपोत गेले की 'संपले' हे उत्तर. डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वर्तमानपत्रातली बातमी वाचून स्वतःहून दखल घेतली आणि जनहित याचिका करून घेतली. नऊ लाख प्रतींसाठी कागद घेतला आणि छापल्या तेहतीस हजारच, अशी ती बातमी होती. वाचणारा तयार, कागद तयार, आणि पुस्तक नाही! आता हे खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून कोणालाही उतरवता येतात. आमचे मत असे आहे की छापण्याचा आग्रह सोडू नये, पण छपाईची वाट पाहत वाचन थांबवू नये.

आता झेरॉक्सविषयी. विद्यार्थी हळूच विचारतात, "दादा, पुस्तकाचं झेरॉक्स काढणं गुन्हा आहे का?" यावर दिल्लीत मोठा खटला झाला. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात रामेश्वरी फोटोकॉपी म्हणून एक दुकान. प्राध्यापकांनी नेमून दिलेल्या प्रकरणांचे संच ते करून द्यायचे. २०१२ साली ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या तीन बड्या प्रकाशकांनी दुकान आणि विद्यापीठ दोघांवर दावा लावला. विद्यार्थी संघटना करून खटल्यात उतरले. ज्यांची पुस्तके होती त्यांतल्या कित्येक लेखकांनीच प्रकाशकांना लिहिले की दावा मागे घ्या. १६ सप्टेंबर २०१६ ला न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेली प्रत कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे हक्कभंग ठरत नाही, आणि लेखनहक्क हा काही दैवी हक्क नाही, असा त्याचा आशय. डिसेंबर २०१६ मध्ये खंडपीठाने शिक्षणासाठीच्या प्रतीचे तत्त्व कायम ठेवले, फक्त संचातले साहित्य शिकवण्याला खरोखर लागते का हे तपासायला प्रकरण परत पाठवले. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच सोडून दिला.

पण या निकालाचा भलता अर्थ काढू नका. वर्गासाठी नेमलेले प्रकरण काढणे वेगळे, आणि आख्खे पुस्तक छापून बाजारात विकणे वेगळे. मराठीत लिहिणारा प्राध्यापक आणि पुण्या-नागपूरचा लहान प्रकाशक हे काही ऑक्सफर्ड नाहीत. त्यांचे पुस्तक परवडत असेल तर विकत घ्या. परवडत नसेल तर लायब्ररीतून घ्या. चोरीच्या प्रती आमच्या अभ्यासिकेत ठेवायच्या नाहीत असे आम्ही ठरवले आहे. कारण चोरीची गरज नाही इतके मोकळे साहित्य आज आहे. पंचशील पाळून पदवी घेता येते!

मग मराठीत नेमके काय आहे? यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली नाशिकला निघाले. शेतात, कारखान्यात राबून शिकणाऱ्याला स्वतः वाचून समजावीत अशी पुस्तके त्यांनी मराठीत करून घेतली, त्यांतली पुष्कळ संकेतस्थळावर आहेत. बी.ए., बी.कॉम.च्या मुलाला ती गाईडपेक्षा कितीतरी चांगली. वाईला तर्कतीर्थांनी उभा केलेला मराठी विश्वकोश आता घरबसल्या दिसतो. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची जुनी मोलाची पुस्तके पीडीएफमध्ये फुकट आहेत. तंत्रशिक्षण परिषदेने ई-कुंभ नावाने डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगची मराठी पुस्तके ठेवली आहेत. शेगाव-खामगावकडे इंजिनिअरिंगला गेलेल्या आपल्या मुलांनी ती जरूर पाहावी. इंग्रजी चालत असेल तर इग्नूचे ई-ज्ञानकोश, आयआयटींचे एनपीटीईएल, आणि २०१७ पासून स्वयम. स्वयमवर शिकायला पैसे पडत नाहीत, प्रमाणपत्राच्या परीक्षेला तेवढे शुल्क आहे.

खरी अडचण मराठी माध्यमातून बी.एस्सी.ला गेलेल्या पोरांची. बारावीपर्यंत आधार असतो, पुढे एकदम सगळे इंग्रजी. मोकळी पुस्तके आहेत, पण ती इंग्रजीत. २०२४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने 'अस्मिता' प्रकल्प जाहीर केला, पाच वर्षांत भारतीय भाषांत बावीस हजार पुस्तके करण्याचा. होतील तेव्हा होतील. तोवर आपण हात जोडून बसायचे का? विनयपिटकात कथा आहे. दोन ब्राह्मण कुळातल्या भिक्खूंनी सुचवले की बुद्धवचन छंदस् मध्ये, म्हणजे वेदाच्या भाषेत बांधावे. तथागतांनी ते नाकारले आणि भाषेची मोकळीक दिली. ओपनस्टॅक्सच्या पुस्तकांचा परवानाच असा आहे की नाव देऊन मराठी करता येते. आपल्या समाजात आज विज्ञानाचे शिक्षक आहेत, निवृत्त मुख्याध्यापक आहेत, बँकेतले अधिकारी आहेत. प्रत्येकाने वर्षाला एक प्रकरण मराठीत केले तर चार वर्षांत पोरांच्या हाती काही तरी पडेल. संगणक आता कच्चे भाषांतर करून देतो. पण ते तपासायला विषय जाणणारा माणूस लागतोच, नाहीतर 'पॉवर'चे कुठे सत्ता आणि कुठे शक्ती होऊन बसते.

आणि सगळे मोबाईलवर आहे म्हणून प्रश्न सुटला, असेही समजू नका. पाच इंची पडद्यावर अर्थशास्त्राचे तीनशे पान वाचून पाहा म्हणजे कळेल. घरात मोबाईल एक आणि शिकणारे तीन. त्यातही संध्याकाळी तो मोबाईल वडिलांबरोबर बाहेर. मुलगी असेल तर तिचा नंबर शेवटी, हे कटू आहे पण आपल्याच घरातले आहे. म्हणून कागद पाहिजे.

पूर्वी समाजकल्याणची पुस्तक पेढी होती, दोन विद्यार्थ्यांत एक संच. पण ती मेडिकल, इंजिनिअरिंग, शेती अशा अभ्यासक्रमांसाठी; साधे बी.ए. करणारा त्यात कधी बसलाच नाही. आपल्या वस्तीत तर तेच जास्त. तेव्हा विहाराचीच पुस्तक पेढी करावी असा आमचा प्रस्ताव आहे. एक संगणक अभ्यासिकेत आहेच. एक चांगला प्रिंटर घ्यावा. मोकळ्या परवान्याची आणि हक्क संपलेली पुस्तके आपण छापू, स्पायरल बांधू, आणि सेमिस्टरपुरती देऊ. परीक्षा झाली की परत. ज्यावर छापायचा हक्क नाही ते संगणकावर वाचायचे किंवा पेढीत एक-दोन प्रती विकत घ्यायच्या. कोणते पुस्तक कोणत्या परवान्याचे, याची वही आमच्यातले दोघे ठेवतील. नव्या अभ्यासक्रमाशी कोणते प्रकरण जुळते, हे सांगायला आपल्या ओळखीतल्या प्राध्यापकांना वर्षातून दोन रविवार विहारात बोलवावे. ते येतील. बोलावले की येतात, असा आमचा अनुभव आहे.

पैसा कुठून, हा प्रश्न समितीत निघाला, आणि निघायलाच पाहिजे. जयंतीच्या मिरवणुकीत आवाजाच्या भिंतीवर एका रात्रीत जेवढे जाते, त्यात प्रिंटर आणि दोन वर्षांचा कागद येतो. तरुण मंडळींना हे ऐकायला आवडणार नाही, आम्हीही त्याच मिरवणुकीत नाचतो. सगळे बंद करा असे आम्ही म्हणत नाही. चौथा हिस्सा इकडे वळवा. वर्षावासात तीन महिने ग्रंथवाचन चालते, तेव्हा भोजनदानाबरोबर एखाद्या कुटुंबाने एका पुस्तकाच्या छपाईचे दान द्यावे. त्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर त्यांच्या आईवडिलांचे नाव छापू, ८६८ साली वांग जिएने केले तसे.

एका वयस्क उपासकांनी आम्हाला विचारले की बाहेरच्या समाजाचा मुलगा पुस्तक मागायला आला तर? आमचे उत्तर सरळ आहे. द्यायचे. गरीब घरचे पोर कोणत्याही जातीचे असले तरी त्याच एसटीने येते. आधी रांगेत आपल्या वस्तीतल्या मुली, एवढी पसंती मात्र आम्ही ठेवू. समितीला ती मान्य नसेल तर तसे सांगावे.

अभ्यासिका रोज सायंकाळी वंदनेनंतर उघडी असते. या सेमिस्टरचे विषय घेऊन विद्यार्थ्यांनी येत्या रविवारपर्यंत आमच्याकडे नावे द्यावीत. ज्यांच्या घरी दोन-तीन वर्षांतली पुस्तके पडून असतील त्यांनी रद्दीत न घालता इथे आणून द्यावीत, फाटलेली असली तरी चालतील, आम्ही बांधून घेऊ. भाषांतराला तयार असलेल्या शिक्षकांनी कार्यक्रमानंतर थांबावे.

जय भीम! नमो बुद्धाय!